एकशे वीस वर्षांचे घरमालक

घर बघायला गेले तेव्हा काकांनी मला पाण्याची वेळ सांगितली नाही की भाडं सांगितलं नाही. मला खुर्चीत बसवून ते म्हणाले, "एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी एकशे वीस वर्षं जगणार आहे. तेव्हा पुढेमागे घरमालक बदलेल, मग त्याच्याशी बोलून घेऊ, अशा भरवशावर काही ठेवू नका."

मी हसले. ते हसले नाहीत. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला पाणी तरी पिऊ द्या. एवढी वर्षं हाताशी आहेत तर घाई कसली?"

बँकेच्या बदलीने मी नागपूरहून चंडीगडला आले होते. नवरा नोकरीमुळे मागे राहिला होता आणि पाच वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होती. चाळीस सेक्टरमधल्या त्या घराचा वरचा मजला मी घेतला तो केवळ काकूंच्या मराठीसाठी. काका मूळचे वाईचे, काकू कऱ्हाडच्या. एकोणचाळीस सेक्टरमधल्या सरकारी संशोधन संस्थेत काकांना नोकरी लागली तेव्हा दोघं "दोन वर्षांसाठी" इकडे आले होते. तिथूनच काका निवृत्त झाले, मुलगा कॅनडाला गेला, आणि काकूंच्या बोलण्यात अजूनही "आपण परत गेलो की" असं अधूनमधून यायचं.

काका तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. उंच, सडसडीत, उन्हात वाळवून ठेवल्यासारखे. मरणाविषयी ते बोलत तेव्हा एखाद्या सरकारी कार्यालयातल्या गलथानपणाविषयी बोलावं तसं बोलत. हा प्रकार टाळता येण्यासारखा आहे, लोक लक्ष देत नाहीत म्हणून चालू आहे, असं त्यांचं मत होतं. पहाटे थंड पाण्याने अंघोळ. चंडीगडच्या जानेवारीतही, जेव्हा धुक्यात समोरचं फाटक दिसत नाही तेव्हाही. मग कारल्याचा रस. मग अर्धपोटी नाश्ता. अर्धपोटी म्हणजे खरोखर अर्धं पोट. पोळी चांगली लागायला लागली की ते ताटावरून उठायचे.

फिरायला जाताना ते डोक्याला हेल्मेट घालत. फांदी पडू शकते, क्रिकेटचा चेंडू येऊ शकतो. गाडी चालवतानाही हेल्मेट असे. एकदा मी त्यांच्याबरोबर गाडीत होते. चौकात पोलिसाने गाडी थांबवली, खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, "अंकलजी, तुहाडा स्कूटर कित्थे गया?"

काका शांतपणे म्हणाले, "स्कूटर नहीं है. सिर है." पोलिसाने हात जोडले आणि आम्हाला जाऊ दिलं.

राग हा आयुष्याचा मोठा शत्रू, असं ते मानत. पण राग त्यांना भरपूर यायचा. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. शेजारच्या पम्मी आंटींनी एकदा आपली गाडी आमच्या फाटकासमोर लावली. काका गेले, आवाज चढला, आंटींचाही चढला. भांडण रंगात आलं असताना काकांनी मनगटावर बोट ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेरी नाडी बढ़ रही है. बाकी झगड़ा कल सुबह." आणि निघून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी पम्मी आंटींची बेल वाजवली. "हां जी, तो हम किधर थे?" आंटी सगळं विसरल्या होत्या. त्यांनी काकांना आत बसवून आलूचा पराठा वाढला, वर लोण्याचा गोळा ठेवला. काकांनी गोळा बाजूला सारला, पराठा निम्मा खाल्ला आणि भांडणाचा उरलेला भाग पूर्ण करून घरी आले.

माझ्या मुलीला घरातली मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिने एकदा त्यांना सरळ विचारलं, "आजोबा, आप सच में कभी नहीं मरोगे?"

"प्रयत्न चालू आहेत," काका म्हणाले.

देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याला ते "तुझा विभाग" म्हणत आणि काकूंच्या विभागात ढवळाढवळ करत नसत. काकूंचा विभाग मात्र चोवीस तास चालू असे. सोमवार, चतुर्थी, वटपौर्णिमा, आणि चंडीगडला आल्यावर पम्मी आंटींकडून घेतलेला करवा चौथ. नवऱ्याच्या आयुष्यासाठी महाराष्ट्रात एक उपास आणि पंजाबात दुसरा. "एकाच माणसाचा दोन राज्यांत विमा उतरवलाय हिने," काका म्हणायचे.

काकू त्यांच्या अगदी उलट, गोल आणि गोऱ्या, बोलताना आधी हसून घेणाऱ्या. त्यांना बरीच वर्षं साखरेचा त्रास होता. पण त्या गोळी घेत आणि विसरून जात. आपल्या शरीराकडे लक्ष द्यायला त्यांना वेळ नव्हता. त्यांचं सगळं लक्ष काकांच्या आयुष्याकडे होतं. खरं तर काकांचंही तिकडेच होतं. त्या घरात दोन माणसं राहत आणि दोघं मिळून एकाच माणसाला जगवत होती. वाद फक्त श्रेयाचा होता.

"हे बहात्तर वर्षांचे झाले," काकू मला सांगत, "कधी दवाखान्यात झोपले नाहीत. कशामुळे?"

"कारल्याच्या रसामुळे," काका पेपरामागून म्हणत.

"कारलं आत्ता पाच वर्षांचं आहे. माझे सोमवार लग्नापासूनचे आहेत."

"ते सिद्ध होत नाही. तुलनेला दुसरा नमुना नाही."

"म्हणजे? मी दुसरा नवरा करून बघायला हवा होता?"

काकांनी पेपर खाली घेतला. थोडा विचार केला. "शास्त्रीयदृष्ट्या, हो," असं म्हणून पुन्हा वर धरला.

एका हिवाळ्यात, दुपारी गच्चीवर उन्हात बसून आम्ही किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, सोलत होतो.  काका एकदम म्हणाले, "तुला माहीत आहे, मी आयुष्यभर यीस्टवर काम केलं. पावात असतं ते. त्याला भरपूर खायला घाला, लवकर मरतं. उपाशी ठेवा, जास्त जगतं. हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलंय."

"यीस्टला संसार नसतो," काकू म्हणाल्या आणि वाळत घातलेले कपडे उलटायला उठल्या.

त्या दूर गेल्याचं पाहून काका माझ्याकडे सरकले. "आता ऐक. इतकी वर्षं हिने उपास केले माझ्यासाठी. पण उपाशी कोण राहिलं? ही. मग आयुष्य कुणाचं वाढणार? हिचं! सगळा माल चुकीच्या पत्त्यावर गेला."

मी हसू दाबलं. "मग तुम्ही उपास करा त्यांच्यासाठी. तुमचं आयुष्य वाढेल."

"त्याचा विचार केलाय मी," ते गंभीरपणे म्हणाले. "पण मूळ अडचण वेगळीच आहे. हिला हवेत सात जन्म, तेही माझ्याबरोबर. मला हवा हा एकच, पण न संपणारा. मी मेलोच नाही तर हिचे पुढचे जन्म सुरूच होणार नाहीत. आमचं ध्येयच एक नाही." किन्नूची एक फोड तोंडात टाकून ते काकूंच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तिला सांगू नकोस. उगीच काळजी करेल."

त्याच्या आदल्याच वर्षी खरं म्हणजे काळजी करण्यासारखं घडून गेलं होतं.

करवा चौथची दुपार होती. पम्मी आंटींकडे गल्लीतल्या बायका कथेला जमल्या होत्या. नटूनथटून गोल बसायचं, पूजेच्या थाळ्या हातोहात फिरवायच्या आणि एकीने गोष्ट सांगायची, असा तो कार्यक्रम. पहाटेपासून कुणी पाण्याचा थेंब घेतलेला नसतो, आणि रात्री चाळणीतून आधी चंद्र आणि मग नवरा पाहिल्याशिवाय घ्यायचाही नसतो. मी उपास करत नव्हते, पण काकूंनी हट्टाने मला बरोबर नेलं होतं. तिसऱ्या फेरीला थाळी काकूंच्या हातात आली आणि तशीच खाली पडली. काकूंना दरदरून घाम सुटला होता. डोळे उघडे होते, पण बोलणं अडखळत होतं.

मी धावत जाऊन काकांना आणलं. ते साखर मोजायचं यंत्र घेऊनच आले. असली यंत्रं त्यांच्याकडे कायम तयार असत. काकूंच्या बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "साखर फार खाली गेलीय. शरबत आणा. लवकर."

शरबत आलं. काकूंनी दात घट्ट मिटले.

"अगं, पी!"

"चंद्र उगवू दे."

"चंद्राला अजून चार तास आहेत!"

"मग चार तासांनी."

"तोपर्यंत तू बेशुद्ध पडशील. डोकं आहे का ठिकाणावर?"

"आणि मी प्यायले आणि तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होणार आहे? मी हा इथे उभा आहे!"

"उभे आहात ते कशामुळे?" काकूंनी विचारलं. ओठ थरथरत होते, पण प्रश्न पक्का होता.

पम्मी आंटींनी समजावलं, "भाभीजी, पति के हाथ का है, पी लो. रब सब देखता है." काकूंनी मान हलवून नाही म्हटलं. मी विनवण्या केल्या. काकांनी आधी इन्सुलिन समजावलं, मग मेंदू समजावला, मग ओरडले. काकूंची मान हळूहळू एका बाजूला कलायला लागली. मी काकांकडे पाहिलं. 

मग ते एकदम खाली बसले, अगदी फरशीवर, काकूंच्या समोर. त्यांचा आवाज बदलला. "अगं, ऐक. चंद्र उगवतो म्हणजे काय होतं? तो काही नवीन तयार होत नाही. तो आत्ताही आहे. फक्त पृथ्वीच्या आड आहे, आणि आपण पृथ्वीवर बसलो आहोत म्हणून दिसत नाही. पटतंय?"

काकूंनी डोळे किलकिले केले.

"पूर्व इकडे. पंचकुल्याची बाजू." त्यांनी हात आडवा धरला, मग तिरपा खाली केला, थोडा आणखी खाली, आणि मनात काही हिशेब करून थांबले. "तिथे. त्या सोफ्याच्या पायापाशी बघ. सरळ रेषेत गेलीस तर आत्ता चंद्र तिथे आहे. मी खात्रीने सांगतो. मी तुला आजवर खोटे आकडे सांगितलेत का?"

"नाही," काकू पुटपुटल्या.

"चाळणी द्या," काका म्हणाले.

पम्मी आंटींनी चाळणी दिली. काकूंनी ती दोन्ही हातांनी धरली, सोफ्याच्या पायाकडे पाहिलं, मग तीच चाळणी वळवून काकांच्या तोंडाकडे पाहिलं. काकांनी ग्लास त्यांच्या ओठांना लावला. काकू प्यायल्या. खोलीतल्या सगळ्या बायका सोफ्याच्या पायाकडे बघत होत्या. एकीने हळूच हातही जोडले.

शरबत पोटात गेल्यावर काकूंना हुशारी आली. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "आणि तिकडे ढग असतील तर?"

"पृथ्वीच्या आत ढग नसतात," काका म्हणाले आणि रुमालाने स्वतःचं कपाळ पुसलं.

डॉक्टरांनी काकूंचे उपास बंद केले. एकही नाही, फराळाचासुद्धा नाही, असं बजावलं. काकूंनी मान डोलावली आणि घरी येऊन गुपचूप सोमवार चालू ठेवले. काका विचारत, जेवलीस का? काकू म्हणत, तुमच्या आधीच. पण काकांकडे यंत्र होतं. गच्चीवरच्या त्या गप्पा झाल्या त्यानंतर महिन्याभराने एका सोमवारी त्यांनी काकूंचं बोट टोचलं, आणि खालून जे भांडण ऐकू आलं ते मी त्या घरात पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी काकांनी मनगटावर बोट ठेवलं नाही. आवाज फुटेपर्यंत ओरडले. काकू रडल्या. मी जिन्यात उभी होते. काकू म्हणत होत्या, "मी सोडलं आणि तुम्ही गेलात, तर मी काय करू ते सांगा. ते सांगा आणि मी आत्ता जेवते." 

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला म्हणाले, "आज बँकेला सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर चल. चंडीमंदिरला जायचंय."

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत एक धर्मगुरू होते. कोल्हापूरकडचे, हुद्द्याने सुभेदार. जवानांची पूजाअर्चा बघायचे आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपतीही तेच बसवायचे. काका हेल्मेट काढून त्यांच्यासमोर बसले आणि परीक्षेत प्रश्न विचारावा तसं विचारलं, "बायकोला उपास झेपत नसेल तर तिच्या वतीने दुसऱ्या कुणाला करता येतो का?"

"येतो की," सुभेदार म्हणाले. "प्रतिनिधी चालतो. शास्त्रात सोय आहे. एक जवान आजारी पडला म्हणून पहारा रिकामा राहतोय होय? दुसरा उभा करतोच आपण."

"नवरा चालतो?"

"नवरा तर पहिला चालतो."

"पण उपास त्या नवऱ्याच्याच आयुष्यासाठी असेल तर?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. हा प्रश्न त्यांना पूर्वी कुणी विचारला नसावा. "साहेब," ते म्हणाले, "स्वतःच्या चौकीवर स्वतःच पहारा द्यायला कोणी मनाई केलीय?"

"आणि त्या नवऱ्याचा विश्वास नसेल तर?"

"पहाऱ्यावर जाताना विश्वास विचारत नाहीत. हजेरी विचारतात."

परतीला गाडीत बसून काकांनी हेल्मेट चढवलं. मग म्हणाले, "माणूस हुशार आहे. फुकट गेला."

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं की यापुढे त्यांचे सोमवार आपण करणार. काकूंनी त्यांच्याकडे बघून आधी नेहमीसारखं हसून घेतलं, मग सुभेदारांना फोन लावून खात्री केली, आणि मग पानावर बसून पोटभर जेवल्या. पुढच्या सोमवारी काकांनी काही खाल्लं नाही. संध्याकाळी मी चहाचं विचारलं तर हळूच म्हणाले, "दोन्ही बाजूंनी फायदा आहे. यीस्टच्या हिशेबाने माझं आयुष्य वाढतंय, आणि हिच्या हिशेबानेही माझंच." पण त्यांची नजर स्वयंपाकघरात होती. काकू जेवतात की नाही, ते बघत होते.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. आमच्या सेक्टरच्या मागच्या बागेत एक जुना वड आहे. छावणीतल्या, विमानदलातल्या, बँकांतल्या मराठी बायका तिथे जमतात. ऊन असं की चपलेतून पाय भाजतात. काकूंना मी सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. आणि काका आले. पांढरा झब्बा, हातात सुताचं रीळ, डोक्याला हेल्मेट.

"वडाखाली हेल्मेट नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी वर फांद्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पट्टा सोडून हेल्मेट माझ्या हातात दिलं.

पैठण्या नेसलेल्या बायकांच्या रांगेत ते एकटे पुरुष सूत गुंडाळत फिरू लागले. काही जणी पदराआड हसत होत्या. एकीने मोबाइल काढला, तो मी डोळ्यांनीच खाली करायला लावला. सातवा फेरा झाला. काका घामाने निथळत झाडासमोर उभे राहिले.

"आता मागा," काकू खुर्चीतून म्हणाल्या.

"काय मागू?"

"नेहमीचं. जन्मोजन्मी हाच पती मिळू दे."

काकांनी हात जोडले, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "म्हणजे मी मलाच मागायचं?"

आता सगळ्याच हसल्या. एका कॅप्टनची बायको म्हणाली, "काकूंच्या वतीने मागा हो!"

काका वळले. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. "अगं, तुझ्या वतीने मागायचं तर आधी तुला विचारलं पाहिजे. तुला खरंच हवाय का मी? पुन्हा पुन्हा? नीट विचार करून सांग. या सगळ्याजणी आहेत म्हणून हो म्हणू नकोस."

हसणं थांबलं. काकूंनी पदर सारखा केला. इतकी वर्षं त्या मागत आल्या होत्या. त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी खरोखरच विचार केला. आम्ही सगळ्या उन्हात उभ्या राहिलो.

"कारल्याचा रस पुढच्या जन्मी नको," शेवटी त्या म्हणाल्या. "घरभर वास मारतो."

"मान्य."

"आणि भांडण उद्यावर ढकलायचं नाही. मला रात्रभर झोप लागत नाही."

काकांनी ओठ चावला. "प्रयत्न करीन."

"मग मागा."

काका झाडाकडे वळले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, "हिला मी मिळू दे. अटी मान्य आहेत."

परत येताना ते माझ्या शेजारी चालत होते. "मी हे काही मानत नाही. लक्षात ठेव."

"मग अटी कशाला मान्य केल्या?"

"अटी वाजवी होत्या," काका म्हणाले.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि आम्ही नागपूरला परतलो. काका गेले ते त्यानंतर वर्षभराने. दुपारी अर्धपोटी जेवून आडवे झाले आणि चार वाजता काकूंनी हाक मारली तेव्हा उठले नाहीत. कसला आजार नाही, काही नाही. शहात्तरावं चालू होतं.

कळल्यावर मी फोन केला. काकूंचा आवाज बसलेला होता, पण त्या व्यवस्थित बोलल्या. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, क्रियाकर्म करायचं नाही, असं काका सांगून गेले होते. "देह दिला," काकू म्हणाल्या. "त्यांचं ते त्यांच्या मनासारखं झालं. मग सुभेदारांना बोलावून दर्भाचा पुतळा केला आणि बाकीचं सगळं रीतसर केलं. ते माझ्या मनासारखं." मुलगा कॅनडाला चला म्हणत होता. त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. पम्मी आंटी रोज सकाळी पराठा घेऊन येत होत्या.

त्यानंतर जूनमध्ये त्यांनी स्वतःच मला फोन केला. वटपौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते.

"वडाला जाऊन आले," काकू म्हणाल्या. "बायका बघत होत्या, आता ही कशाला आली म्हणून. म्हटलं, बघू देत."

मी घाईघाईने विचारलं, "उपास नाही ना केलात?"

"छे! चांगले पोहे खाऊन गेले. गोळीही घेतली."

"आणि मागितलंत काय?"

"मागायचं काय आता? निरोप दिला फक्त." पलीकडे त्या जराशा हसल्या. "म्हटलं, पुढच्या जन्माची एवढ्यात घाई करू नका. जिथे असाल तिथे बसून राहा थोडे दिवस. माझी साखर आत्ता कुठे आटोक्यात आलीय."